खुर्ची दिली, पण दाराची किल्ली कोणाकडे?

२५ सप्टेंबर २०२५. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेचे वार्षिक अधिवेशन भरात आले होते. पॅलेस्टाइनचे अध्यक्ष महमूद अब्बास यांच्या भाषणाची पाळी आली. सभागृहात पॅलेस्टाइनच्या नावाची पाटी होती आणि भाषणही ठरल्याप्रमाणे झाले. वक्ता मात्र हजारो मैल दूर होता. अब्बास यांना सभागृहातल्या मोठ्या पडद्यावरून बोलावे लागले, कारण अमेरिकेने त्यांना न्यूयॉर्कला येऊच दिले नव्हते.

२९ ऑगस्ट रोजी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने जाहीर केले होते, की अधिवेशनासाठी येऊ पाहणाऱ्या पॅलेस्टिनी नेत्यांचे व्हिसा नाकारले जातील आणि दिलेले असतील तर रद्द होतील. न्यूयॉर्कमधील पॅलेस्टाइनच्या कायम निरीक्षक कार्यालयाला मात्र यातून सूट असेल, असेही त्याच निवेदनात म्हटले होते. त्यावर १९ सप्टेंबरला आमसभेने १४५ विरुद्ध ५ मतांनी ठराव केला आणि अब्बास यांना पडद्यावरून बोलण्याची मुभा दिली. सहा देश तटस्थ राहिले.

ही बातमी वाचून अनेकांना प्रश्न पडला असेल. बोलावणे साऱ्या जगाचे आणि अडवणूक एका देशाची, हे कसे? आणि नेत्यांना बंदी असताना त्यांच्याच कार्यालयाला सूट का? वरपक्षाने आमंत्रण द्यावे आणि मांडव मात्र वधूपक्षाच्या अंगणात असावा, असा हा प्रकार आहे. पाहुणा वरपक्षाचा असतो, पण अंगणाचे फाटक उघडायचे की नाही हे अंगणाचा मालक ठरवतो. आंतरराष्ट्रीय संस्थांमध्ये ‘निरीक्षक’ म्हणून बसणाऱ्यांना कोणते विशेषाधिकार असावेत, हा वरवर रुक्ष वाटणारा कायद्याचा प्रश्न या फाटकापाशीच उभा राहतो.

निरीक्षक म्हणजे कोण?

राष्ट्रसंघाचे जे सदस्य नाहीत, पण ज्यांना आमसभेच्या कामात बसण्याची परवानगी आहे, ते निरीक्षक. त्यांना मत देता येत नाही. बसावे, ऐकावे, परवानगी असेल तेव्हा बोलावे, एवढाच त्यांचा अधिकार. तरीही ही जागा क्षुल्लक नाही. स्वित्झर्लंड २००२ पर्यंत, अर्धशतकाहून अधिक काळ, निरीक्षकच होता. दोन्ही जर्मनी १९७३ मध्ये आणि दोन्ही कोरिया १९९१ मध्ये सदस्य झाले. त्याआधी त्यांचीही निरीक्षक कार्यालयेच होती. पोपच्या व्हॅटिकनचे निरीक्षकपद १९६४ पासूनचे. आज सदस्य नसलेली निरीक्षक राष्ट्रे दोनच आहेत, व्हॅटिकन आणि पॅलेस्टाइन. याखेरीज आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीसारख्या काही संस्थांनाही हा दर्जा आहे.

परदेशी वकिलातीतल्या अधिकाऱ्यांना यजमान देशाचे पोलीस अटक करत नाहीत, त्यांच्या कार्यालयात शिरत नाहीत, त्यांची टपालाची थैली उघडत नाहीत, त्यांच्यावर कर लादत नाहीत. याला कायद्याच्या भाषेत ‘विशेषाधिकार आणि उन्मुक्ती’ म्हणतात. उन्मुक्ती म्हणजे स्थानिक कायद्याच्या कारवाईतून सूट. आपला माणूस निर्धास्तपणे काम करू शकावा, एवढ्यासाठी राष्ट्रांनी एकमेकांना दिलेली ही सवलत आहे. सदस्य देशांच्या प्रतिनिधींना ती राष्ट्रसंघातही मिळते. निरीक्षकांचे काय, हे मात्र कोणी स्पष्ट लिहून ठेवले नाही.

कराराने काय दिले?

राष्ट्रसंघाचे मुख्यालय न्यूयॉर्कमध्ये झाले ते जॉन रॉकफेलर (धाकटे) यांच्या देणगीमुळे. ईस्ट नदीच्या काठावरची जमीन घेण्यासाठी त्यांनी १९४६ मध्ये ८५ लाख डॉलर दिले. पुढे २६ जून १९४७ रोजी राष्ट्रसंघ आणि अमेरिका यांच्यात मुख्यालयाचा करार झाला. या आवारात महासचिवांच्या संमतीवाचून अमेरिकेचे पोलीस पाऊल टाकू शकत नाहीत. पण आवाराच्या बाहेर चहूबाजूंनी अमेरिका आहे. विमानतळ तिचा, रस्ते तिचे आणि व्हिसाचा शिक्काही तिचाच.

म्हणून करारात ११ वे कलम घातले गेले. सदस्य देशांचे प्रतिनिधी, संघाचे अधिकारी, पत्रकार आणि संघाने कामासाठी बोलावलेल्या इतर व्यक्ती यांच्या मुख्यालयाकडे जाण्या-येण्यात अमेरिकेने अडथळा आणू नये, असे ते सांगते. १२ वे कलम म्हणते, की त्या व्यक्तीच्या सरकारशी अमेरिकेचे संबंध कसेही असोत, हा नियम लागू राहील. व्हिसा लागत असेल तर तो विनाशुल्क आणि शक्य तितक्या लवकर द्यावा, हे १३ वे कलम.

पूर्ण राजनैतिक विशेषाधिकार देणारे कलम आहे १५ वे आणि त्यात उल्लेख आहे तो सदस्य देशांच्या प्रतिनिधींचा. निरीक्षकांचा त्यात पत्ता नाही. परिणामी निरीक्षक हा करारापुरता ‘संघाने बोलावलेली इतर व्यक्ती’ ठरतो. राष्ट्रसंघाच्या कायदा विभागाने यातून एक वाट काढली. निरीक्षकाला पूर्ण उन्मुक्ती नसली, तरी त्याने त्या नात्याने काढलेले उद्गार आणि केलेले काम यांना संरक्षण असायलाच हवे, नाहीतर आमंत्रणाला अर्थ उरणार नाही. याला आपण ‘कामापुरते संरक्षण’ म्हणू.

शिवाय, अमेरिकेच्या संसदेने हा करार मंजूर करतानाच आपल्या देशाच्या सुरक्षिततेचा हक्क राखून ठेवला होता. व्हिसा नाकारताना त्याचाच आधार घेतला जातो.

१९८८ चा खटला

कामापुरत्या संरक्षणाची खरी कसोटी १९८८ साली लागली. यासर अराफत यांच्या पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेला आमसभेने २२ नोव्हेंबर १९७४ रोजी निरीक्षकाचा दर्जा दिला होता. तेव्हापासून न्यूयॉर्कमध्ये संघटनेचे कार्यालय होते. १९८७ च्या डिसेंबरात अमेरिकी संसदेने एक कायदा केला. या संघटनेच्या पैशाने किंवा तिच्या वतीने अमेरिकेत कार्यालय चालवणे हा गुन्हा ठरला. अध्यक्ष रेगन यांनी २२ डिसेंबरला त्यावर सही केली. हा कायदा लागू व्हायचा होता २१ मार्च १९८८ रोजी.

गंमत अशी, की अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यालाच हे मान्य नव्हते. न्यूयॉर्कचे कार्यालय बंद केले तर १९४७ च्या कराराचा भंग होईल, असे त्या खात्याचे मत होते. पण ११ मार्चला महाधिवक्ता एडविन मीज यांनी संघटनेचे निरीक्षक झुहदी तर्झी यांना पत्र पाठवून कळवले, की २१ तारखेपासून तुमचे कार्यालय बेकायदा ठरेल.

आमसभा स्वस्थ बसली नव्हती. करारातील २१ वे कलम सांगते, की वाद झाल्यास तीन लवादांपुढे जावे. अमेरिका त्याला तयार होईना. तेव्हा २ मार्च रोजी आमसभेने १४३ विरुद्ध शून्य मतांनी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाला सल्ला विचारला. न्यायालयाने दोन महिन्यांच्या आत, २६ एप्रिल १९८८ रोजी, एकमताने उत्तर दिले. अमेरिका लवादाकडे जाण्यास बांधील आहे आणि देशातल्या कायद्याची सबब सांगून आंतरराष्ट्रीय करारातून अंग काढून घेता येत नाही. या पंधरा न्यायाधीशांत आपले नागेंद्र सिंग होते आणि अमेरिकेचे स्टीफन श्वेबेलही होते. श्वेबेल यांनी आपल्याच सरकारच्या विरुद्ध मत दिले, हे मुद्दाम नोंदवण्यासारखे आहे.

शेवटचा निकाल लागला तो मात्र न्यूयॉर्कच्याच न्यायालयात. अमेरिकी सरकारने कार्यालय बंद करण्यासाठी दावा लावला होता. २९ जून रोजी न्यायमूर्ती एडमंड पाल्मिएरी यांनी तो फेटाळला. करार मोडायचा आहे असे संसदेने स्पष्ट शब्दांत म्हटलेले नाही, तेव्हा हा कायदा राष्ट्रसंघाच्या निरीक्षक कार्यालयाला लागू होत नाही, असा त्यांचा निर्णय होता. सरकारने अपील केले नाही. कार्यालय वाचले.

या निकालाचे मोल पुढे दिसले. त्याच संघटनेचे वॉशिंग्टनमधले माहिती कार्यालय अमेरिकेने १९८७ मध्ये बंद करायला लावले. पुढे तिथे पुन्हा उघडलेले कार्यालय २०१८ मध्ये ट्रम्प सरकारने बंद केले. त्या कार्यालयांना राष्ट्रसंघाचे छत्र नव्हते. न्यूयॉर्कचे कार्यालय मात्र आजही चालू आहे. माणसे तीच, झेंडा तोच. एका कराराच्या आधाराने एवढा फरक पडला.

जिनिव्हातले तीन दिवस

कार्यालय वाचले म्हणून फाटक उघडले असे नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात अराफत यांना आमसभेत बोलायचे होते. २६ नोव्हेंबरला परराष्ट्रमंत्री जॉर्ज शुल्ट्झ यांनी व्हिसा नाकारला. अराफत यांच्या संघटनेतील लोक दहशतवादी कृत्यांत आहेत आणि ते त्यांना पाठीशी घालतात, असे कारण दिले गेले. हा कराराचा भंग आहे, असे राष्ट्रसंघाच्या कायदा सल्लागारांनी सांगितले.

मग आमसभेने असे केले, की जे एरवी कोणाच्या मनातही आले नसते. २ डिसेंबरला १५४ विरुद्ध २ मतांनी तिने ठरवले, की पॅलेस्टाइनवरील चर्चा न्यूयॉर्कऐवजी जिनिव्हात होईल. विरोधात होते अमेरिका आणि इस्रायल. ब्रिटन तटस्थ राहिला. एका निरीक्षकाला बोलता यावे म्हणून साऱ्या जगाचे प्रतिनिधी समुद्रापलीकडे गेले! १३ डिसेंबर १९८८ रोजी अराफत जिनिव्हात बोलले. त्या भाषणाने अमेरिकेचे समाधान झाले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिथेच पत्रकार परिषद घेऊन दहशतवादाचा त्याग आणि इस्रायलचे अस्तित्व याबद्दल अधिक स्पष्ट शब्द वापरले. आणि त्याच दिवशी, ज्या अमेरिकेने व्हिसा नाकारला होता, तिनेच पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेशी बोलणी सुरू करण्याची घोषणा केली.

हे कशामुळे घडले? प्रत्यक्ष हजेरीमुळे. व्यासपीठावरचे भाषण अपुरे पडले, तेव्हा मध्यस्थांचे निरोप आले-गेले, शब्द बदलले, पुन्हा पत्रकार जमवले गेले. राजकारणातली निम्मी कामे व्हरांड्यात आणि जेवणाच्या टेबलावर होतात, हे गावच्या पंचायतीत बसलेल्या माणसालाही ठाऊक असते. २०२५ मध्ये आमसभा जिनिव्हाला गेली नाही. तिने पडदा लावला. सोय झाली, खर्च वाचला. पण पडद्याला व्हरांडा नसतो. भीती अशी वाटते, की पडद्याची सोय हाताशी असल्यामुळे यजमानाला दार बंद ठेवणे आता फारच स्वस्त पडेल.

नाण्याची दुसरी बाजू

मग सर्व निरीक्षकांना सरसकट पूर्ण उन्मुक्ती देऊन टाकावी का? इथे थोडे थांबायला हवे. ऑक्टोबर १९८५ मध्ये ‘अकिले लाउरो’ या इटालियन प्रवासी जहाजाचे पॅलेस्टिनी अतिरेक्यांनी अपहरण केले. चाकांच्या खुर्चीवर बसलेल्या ६९ वर्षांच्या लिऑन क्लिंगहॉफर या अमेरिकी प्रवाशाला गोळ्या घालून समुद्रात टाकले. त्यांच्या कुटुंबीयांनी न्यूयॉर्कमध्ये पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेवर भरपाईचा दावा लावला. संघटनेने उन्मुक्तीचा आधार घेतला.

१९९१ मध्ये अपील न्यायालयाने त्यावर विचार करायला लावणारा निकाल दिला. संघटना हे राष्ट्र नाही, म्हणून राष्ट्राची उन्मुक्ती तिला नाही. मात्र तिचे न्यूयॉर्कमधले राष्ट्रसंघाचे काम हे तिला न्यायालयात खेचण्याचे निमित्त होऊ शकत नाही. त्या कामाखेरीज ती तिथे आणखी काही करत असेल, तर ते तपासावे. म्हणजे राष्ट्रसंघाच्या कामाला संरक्षण, त्यापलीकडच्या उद्योगांना नाही. हा दावा अखेर १९९७ मध्ये न्यायालयाबाहेर मिटला. ज्यांचा माणूस गेला, त्यांना बारा वर्षे वाट पाहावी लागली. उन्मुक्तीची किंमत कोणाला मोजावी लागते, तेही विसरून चालणार नाही.

उन्मुक्तीच्या या पायऱ्या आपल्यालाही एकदा जवळून पाहायला मिळाल्या. १२ डिसेंबर २०१३ रोजी न्यूयॉर्कमधील भारताच्या उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली. घरकामासाठी नेलेल्या बाईच्या व्हिसा अर्जात खोटी माहिती दिल्याचा आरोप होता. अंगझडतीच्या बातमीने देशभर संताप उसळला. पण कायद्याच्या दृष्टीने मुद्दा वेगळाच होता. वाणिज्यदूताला असते ते कामापुरते संरक्षण आणि मोलकरणीचा करार हे सरकारी काम नाही, अशी अमेरिकेची भूमिका होती. भारताने त्यांची बदली राष्ट्रसंघातील आपल्या कार्यालयात केली. जानेवारी २०१४ मध्ये त्यांना तिथली पूर्ण उन्मुक्ती मिळाली आणि त्या मायदेशी परतल्या. उन्मुक्ती असताना आरोपपत्र दाखल झाले, म्हणून १२ मार्चला न्यायालयाने ते रद्द केले. दोन दिवसांत सरकारी वकिलांनी नवे आरोपपत्र आणले. शहर तेच, व्यक्ती तीच, पण दुसऱ्या कार्यालयाच्या कागदावर नाव चढताच कायद्यातले स्थान बदलले. आणि त्या गदारोळात पगाराची तक्रार करणारी घरकाम करणारी बाई मागेच पडली.

नियम कोणी करावा?

निरीक्षकांचा प्रश्न कायमचा सोडवण्याचा प्रयत्न झालाच नाही असे नाही. मार्च १९७५ मध्ये व्हिएन्नात एक करार तयार झाला. निरीक्षक राष्ट्रांच्या कार्यालयांना जवळपास सदस्यांच्या कार्यालयांइतकेच विशेषाधिकार द्यावेत, असे त्यात आहे. तो लागू होण्यासाठी ३५ देशांची मान्यता हवी. पन्नास वर्षे लोटली, तरी तो लागू झालेला नाही. अमेरिका आणि स्वित्झर्लंड यांच्यासारखे यजमान देश त्यापासून दूर राहिले. ज्यांच्या अंगणात मांडव पडतात त्यांनाच तो नको असेल, तर तो कागदावरच राहणार.

म्हणून प्रत्येक यजमान आपापल्या कायद्याने वाट काढतो. अमेरिकेत १९४५ चा एक कायदा आहे. त्याखाली अध्यक्ष आंतरराष्ट्रीय संस्थांना सवलती देऊ शकतात. संसदेने त्यात वेळोवेळी नावे जोडली. आफ्रिकी ऐक्य संघटनेसाठी १९७३ मध्ये अशी दुरुस्ती झाली. स्वित्झर्लंडने २००७ मध्ये यजमान देशाचा स्वतंत्र कायदाच केला. पण एकेक नाव जोडण्याच्या या पद्धतीत मित्राचे नाव लवकर जोडले जाते आणि नकोशा पाहुण्याचे राहून जाते. संरक्षणाची गरज मात्र नकोशा पाहुण्यालाच अधिक असते.

भारतही आता यजमान

हा प्रश्न केवळ न्यूयॉर्कचा आहे असे समजू नका. १९७४ मध्ये पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेला मान्यता देणारा भारत हा पहिला अरबेतर देश होता. १९८० मध्ये आपण तिच्या दिल्लीतील कार्यालयाला पूर्ण राजनैतिक दर्जा दिला, तेव्हा ती कोणत्याही देशाचे सरकार नव्हती. त्या बाबतीत भारत उदार यजमान ठरला.

आज आपल्या अंगणातही मांडव आहेत. आंतरराष्ट्रीय सौर आघाडीचे मुख्यालय गुरुग्रामला आहे. २०२१ मध्ये ही आघाडी स्वतः राष्ट्रसंघाच्या आमसभेत निरीक्षक झाली. आपत्तींना तोंड देणाऱ्या पायाभूत सुविधांसाठीच्या आघाडीचे मुख्यालय दिल्लीत आहे आणि तिला सवलती देण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२२ मध्ये घेतला. आपल्याकडे त्यासाठी १९४७ चा राष्ट्रसंघ विशेषाधिकार कायदा आहे. त्याच्या तिसऱ्या कलमाखाली केंद्र सरकार अधिसूचना काढून इतर संस्थांना आणि त्यांच्या प्रतिनिधींना सवलती देऊ शकते. म्हणजे किल्ली इथेही सरकारच्याच हाती. उद्या अशा एखाद्या संस्थेच्या बैठकीला आपल्याशी वैर असलेल्या देशाचा किंवा गटाचा माणूस निरीक्षक म्हणून यायचा झाला, तर आपण काय करू? अमेरिकेला दोष देताना हा प्रश्न स्वतःलाही विचारला पाहिजे.

आमच्या मते तीन गोष्टी व्हायला हव्यात. पहिली, निरीक्षकाला कामापुरते संरक्षण आहे हे यजमानाशी होणाऱ्या करारातच नोंदलेले असावे. ते कोणत्याही सरकारच्या मर्जीवर सोडू नये. दुसरी, हे संरक्षण कामापुरतेच असावे. बोलणे, लिहिणे, कागदपत्रे, कार्यालय आणि बैठकीला येणे-जाणे यांना ते मिळावे; घरच्या नोकराचा पगार बुडवायला किंवा हिंसेचा कट रचायला मिळू नये. तिसरी, वाद झाला तर लवादाकडे जाणे हे यजमानाने टाळू नये. हेगच्या पंधरा न्यायाधीशांनी १९८८ मध्ये एकमुखाने तेवढेच सांगितले होते.

सुरक्षिततेचा हक्क कोणीही यजमान सोडणार नाही आणि त्याने तो सोडावा असेही नाही. धोक्याच्या पाहुण्यावर पहारा ठेवता येतो, त्याला मुख्यालयाच्या परिसरापुरते बांधून ठेवता येते, काम संपताच परत पाठवता येते. १९७४ मध्ये अमेरिकेने याच अराफत यांना व्हिसा दिला होता. ते आले, बोलले आणि परत गेले. जे तेव्हा जमले, ते १९८८ मध्ये आणि २०२५ मध्येही जमायला हरकत नव्हती.